आवक-जावक

मराठी कथालेखकाची दिवाळी मृगात सुरू होते. शेजारीपाजारी पेरणीच्या गोष्टी चाललेल्या असतात आणि हा आत बसून आकाशकंदिलाचं वर्णन करत असतो. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला आणि पुढच्या सगळ्या पिढ्यांच्या लेखकांचे पावसाळे कामाला लावले. मे-जूनमध्ये आवाहनं निघतात. जुलैअखेर मुदत संपते. मग ती वाढवली जाते, कारण संपादकाला हवी असलेली नावं अजून आलेली नसतात. आणि गौरी-गणपतीच्या धामधुमीत, हातात निरांजन असताना, कोणीतरी सांगतं की तुमचं पाकीट आलंय. पाकीट जाड असेल तर उघडायची गरज नसते.

जाड पाकीट हातात घेतलेल्या माणसांचे नमुने मी बरेच पाहिले आहेत. काहींना त्याच क्षणी संपादक कोणत्या गावचा, कोणत्या आळीतला आणि कोणाचा साडू हे आठवतं. काही जण “मराठीत आता वाचतंय कोण” म्हणून लिहिणं कायमचं सोडतात, ते पुढच्या मृगापर्यंत. काही स्वखर्चानं संग्रह काढून प्रकाशनाला आमदारांना बोलावतात; आमदारांचे स्वीय सहायक येतात आणि पुस्तकाचं नाव चुकवतात. शिकल्यासवरलेल्यांना रोलिंगबाईंचे बारा प्रकाशक तोंडपाठ असतात. अप्पा यांतल्या कुठल्याच जातीचे नव्हेत. कथा परत आली की अप्पा नोंद घेतात.

अप्पा पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. आमच्या कृष्णाकाठच्या तालुक्यात ज्यांच्या शेताला पाणी मिळालं त्यांना अप्पा ठाऊक आहेत, आणि ज्यांना मिळालं नाही त्यांना अधिकच ठाऊक आहेत. बारीक चौकडीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, त्यातलं लाल शेऱ्यासाठी. सगळी नोकरी दुसऱ्यांचे अर्ज परत पाठवण्यात गेल्यामुळे परत येणाऱ्या कागदाकडे बघायची एक नजर त्यांच्याकडे आहे, ती आम्हा बाकीच्यांकडे नाही.

“कागद परत गेला म्हणजे मेला असं नव्हे, सर,” ते मला सांगतात. मी ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवतो म्हणून मी सर. “त्रुटी निघाली. त्रुटीची पूर्तता करायची आणि फेरसादर करायचा. आमच्याकडं विहिरीचा एक अर्ज एकोणीस वर्षं फिरत होता. अर्जदार वारला, मग मुलानं चालवला. शेवटी मंजूर झाला की नाही?”

“मग लागलं का पाणी?”

“पाणी पहिल्याच वर्षी लागलं होतं. विहीर त्यांनी अर्ज टाकायच्या आधीच खणलेली.”

अप्पांची आवक-जावक नोंदवही पाहण्याचा मान फार थोड्यांना मिळालेला आहे. लाल फडक्यात बांधलेली, पुठ्ठ्याची, खात्यातली असते तशीच (खात्यातलीच असावी, पण तो विषय आम्ही काढत नाही). रकाने आखलेले : अनुक्रमांक, कथेचे नाव, पाने, कोणास पाठवली, जावक दिनांक, टपालखर्च, आवक दिनांक, शेरा. कथांपेक्षा शेऱ्याचा रकाना वाचनीय आहे, हे मी त्यांना कधी सांगितलेलं नाही. “परत. कारण नमूद नाही.” “परत. अंकाच्या स्वरूपात बसत नाही असे कळवले. स्वरूप कळवण्याबाबत विचारणा केली. उत्तर अप्राप्त.” “परत. जागेअभावी. (अंक विकत घेऊन पाहिला. पृष्ठ ११२ निम्मे कोरे.)” “परत. पान तीनवर चहाचा डाग. डाग आपला नव्हे.”

नकारपत्रांचं त्यांनी अभिलेखाच्या नियमानं वर्गीकरण केलं आहे. संपादकानं स्वतःच्या हातानं लिहिलेलं आणि कारण दिलेलं पत्र ‘अ’ वर्गात, म्हणजे कायम जतन. टंकलेखित पण खाली सही असलेलं ‘ब’. छापील चिठ्ठी ‘क’. नुसतंच पाकीट, आत काही नाही, हा ‘ड’ वर्ग; तो वर्षभर ठेवून नष्ट करतात, तेही यादी करून, यादीवर काकूंची सही घेऊन. १९६९ साली मुंबईत तरुण लेखकांनी ‘सत्यकथे’ची जाहीर होळी केली, त्यामागं प्रस्थापितांविरुद्धचा केवढा राग होता, लघुअनियतकालिकांची केवढी चळवळ होती, हे मी त्यांना एकदा तासभर समजावून सांगितलं. अप्पांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “जाळण्यापूर्वी यादी केली होती का?”

स्टीफन किंगनं पोरवयात परत आलेल्या कथांच्या चिठ्ठ्या भिंतीवरच्या खिळ्याला टोचून ठेवल्या होत्या. चिठ्ठ्या इतक्या झाल्या की खिळ्याला वजन पेलेना, मग त्यानं मोठा खिळा ठोकला. लेखनाच्या कार्यशाळांत ही गोष्ट हमखास सांगतात आणि ऐकणारे भारावतात. अप्पा भारावले नाहीत. “खिळा म्हणजे नस्ती नव्हे,” ते म्हणाले. “क्रमांक नाही, दिनांक नाही. उद्या कोणी विचारलं की एकोणीसशे साठची चिठ्ठी काढा, तर काढणार कुठून?” जी. एं.बद्दल मात्र त्यांना अपार आदर. ‘काजळमाये’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, पुस्तकाच्या प्रकाशनाच्या तारखेवरून वाद निघाला, आणि जी. एं.नी पुरस्कार परत करून टाकला. अप्पांच्या मते मराठी वाङ्मयाच्या इतिहासातली ही एकमेव परिपूर्ण जावक. “आणि कशावरून? तर तारखेवरून! मी कायम सांगत आलोय, सर, तारीख नीट घाला.”

खुद्द ‘सत्यकथे’शी अप्पांचं नातं स्वच्छ आहे. तरुणपणी तिथं पाठवायची म्हणून एक कथा त्यांनी लिहायला घेतली. राम पटवर्धन लेखकांना लांबलचक पत्रं लिहून कथा पुन्हापुन्हा लिहायला लावतात असं त्यांच्या कानावर आलं होतं. तेव्हा त्यांनी त्रुटी निघण्याआधीच पूर्तता करायला घेतली. फडक्यांचं ‘प्रतिभासाधन’ त्यांनी सेवानियमांच्या पुस्तकाशेजारी ठेवलेलं होतं. एका नियमाखाली कथा बसली की दुसऱ्यातून निसटायची. पूर्तता चालू असतानाच १९८२ साली ‘सत्यकथा’ बंद पडली. त्यामुळं आजही चार माणसांत अप्पा ताठ मानेनं सांगू शकतात की ‘सत्यकथे’नं त्यांची एकही कथा परत केलेली नाही.

इतका निकोप माणूस साहित्यात टिकला कसा, याचं मला बरेच दिवस कोडं होतं. परत आलेली कथा मी स्वतः कपाटाच्या वरच्या फळीवर उलटी ठेवतो आणि आठवडाभर घरात कमी बोलतो. अप्पा त्याच संध्याकाळी कथेचा पहिला कागद बदलून, नवं पाकीट करून पोस्टात जातात. एकदा, नोंदवही मिटताना, त्यांनी मला मर्म सांगितलं.

“वाचतच नाहीत हो,” ते म्हणाले.

“कोण?”

“कोणीच. मी अर्ज वाचत होतो का? जोडपत्रं बघायची. सातबारा आहे का, तिकीट लावलंय का. नसलं की परत. आत त्यानं काय रडगाणं गायलंय ते कोण वाचतो? मग माझी कथा परत आली तर मी का मनाला लावून घेऊ? कथा नापसंत व्हायला आधी ती कोणीतरी वाचायला पाहिजे.”

याला त्यांच्याकडं पुरावा होता. प्रत्येक कथेच्या सातव्या आणि आठव्या पानांच्या कडेला, आतल्या बाजूनं, अप्पा भाताचं एक शीत लावत. डिंक नाही, कारण डिंक दिसतो. कथा परत आली की आधी सातवं पान. शीत जागच्या जागी, वाळून खडा झालेलं. नोंदवहीत ओळीनं शेरे आहेत : “परत. शीत अभंग.” “परत. शीत अभंग.” वर्षानुवर्षांत एकदाच शीत सुटलेलं आढळलं, तिथं त्यांनी लिहून ठेवलंय, “पावसाळी हवा.”

व्हॉट्सअॅप आणि ई-मेल आले तसे अप्पा थोडे खचले. पीडीएफला शीत लावता येत नाही. त्यात “निवड झालेल्यांनाच कळवण्यात येईल” अशी पद्धत पडली. “तीन महिन्यांत उत्तर न आल्यास कथा नाकारली असे समजावे” हे वाक्य वाचून ते खरोखर संतापले. मी त्यांना संतापलेलं तेव्हाच पाहिलं. “समजावे म्हणजे? आवक नाही, आदेश नाही, आणि समजावे? असं समजून कोणी प्रकरण बंद करतं का?” पुढं २०२५ मध्ये टपाल खात्यानं रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन केलं, तेव्हा त्यांनी जुन्या पोचपावत्यांचा गठ्ठा काढून मला दाखवला. मराठीतल्या बहुतेक नामवंत नियतकालिकांच्या शिपायांच्या सह्या अप्पांकडे आहेत.

आणि अशा माणसाला गेल्या वर्षी आमच्या वाचनालयानं कथास्पर्धेचा परीक्षक केलं.

वाचनालय ‘ब’ वर्गाचं. १९६७ च्या कायद्याखाली सरकारी अनुदान घेतं आणि ‘अ’ वर्गाचं स्वप्न पाहतं. त्यासाठी उपक्रम दाखवावे लागतात, असं सचिवांचं म्हणणं. हळदीकुंकू दाखवून झालं होतं, रांगोळी झाली होती, तेव्हा कथास्पर्धा. परीक्षक तीन : मी, अप्पा, आणि पुण्याचे एक कविवर्य. कविवर्य यासाठी की पत्रिकेवर एक तरी नाव असं हवं ज्याच्यापुढं ‘सुप्रसिद्ध’ लिहिता येईल. नियमावली अप्पांनी केली. कथा स्वतंत्र व अप्रकाशित असावी. कागदाच्या एकाच बाजूस. शब्दमर्यादा दोन हजार. लेखकाचे नाव कथेवर कोठेही नसावे, स्वतंत्र बंद पाकिटात असावे. तीन प्रती. परीक्षकांचा निर्णय अंतिम व बंधनकारक राहील. शेवटचं वाक्य लिहिताना त्यांचा हात किंचित थरथरला. आयुष्यभर ते या वाक्याच्या पलीकडच्या बाजूला उभे होते.

साठाच्या वर कथा आल्या. अप्पांनी आधी सर्व कथांचा विषयवार गोषवारा काढला : “वृद्धाश्रम : १७. परदेशस्थ मुलगा : ११ (पैकी ६ वृद्धाश्रमातही मोजले आहेत, दुबार नोंद वजा करावी). टाळेबंदी : ९. शेवटी सर्व स्वप्न निघते : ८. निवेदक मृत असल्याचे शेवटी कळते : ५. मांजर : १.” मग शब्द मोजले, बोटानं. ‘च’ सुटा लिहिला तर त्याचा वेगळा शब्द धरायचा का, यावर मला रात्री फोन आला. एक कथा ई-मेलनं वेगळ्याच फाँटात आली होती आणि सचिवांनी ती तशीच छापून आणली : पानभर चौकोन, टिंबं आणि उलटी प्रश्नचिन्हं. अप्पांनी लेखकाला त्रुटीपत्र काढायला सांगितलं. कविवर्यांनी तिला पन्नासपैकी चव्वेचाळीस गुण देऊन शेरा मारला होता : “रचनेत धाडस आहे.”

कथा वाटून चारसहा दिवस झाले असतील. सकाळी साडेसहाला अप्पा माझ्या दारात. पाऊस, छत्री, आणि चेहरा असा की मला वाटलं काकूंना बरं नाही.

“सर, मी वाचतोय,” ते म्हणाले.

“बरं मग?”

“नाही, म्हणजे सगळं वाचतोय. शेवटच्या ओळीपर्यंत.”

“परीक्षक आहात, वाचायलाच पाहिजे.”

“तसं नव्हे.” ते खुर्चीत बसले, छत्री तशीच हातात, पाणी लादीवर. “वाचून झाल्यावरही ती परतच पाठवायची असते हो. चांगली मन लावून वाचली. काही ठिकाणी पेन्सिलीनं बरोबरची खूण केली. हिला सांगितलं, बघ किती कळवळून लिहिलंय बिचाऱ्यानं. आणि गुण किती दिले? सोळा.” जरा वेळानं त्यांनी विचारलं, “मग ते लोकही वाचत असतील काय?”

या प्रश्नाला काय उत्तर देणार? मी चहा टाकायला आत गेलो.

परीक्षकानं खासगीत कबूल करायची गोष्ट अशी आहे की कथेचं काय होणार ते तिसऱ्या पानावर कळतं, पुढचं वाचन सौजन्यापोटी होतं. वाईट कथेचा त्रास होत नाही. उलट ती करमणूक करते. एका कथेत नायिका पहिल्या पानावर विधवा होती आणि नवव्यावर तिचा नवरा भाजी घेऊन आला, मला तो माणूस फार आवडला. छळतात त्या निर्दोष कथा. शुद्धलेखन नीट, सुरुवात पकडणारी, शेवट चुटपुट लावणारा, आई जिथं मरायला हवी तिथंच मरते, आणि मिटल्यावर लेखकानं ही का लिहिली तेवढं मात्र कळत नाही. अशांना काय गुण द्यायचे? मी पस्तीस देत होतो. पस्तीस म्हणजे नमस्कार. त्यात पुन्हा वाचणाऱ्याचं पोट आणि पाठ हे दोन परीक्षक गुणपत्रकावर सही न करता बसलेले असतातच. संकष्टीच्या संध्याकाळी, चंद्रोदयाआधी वाचलेल्या चार कथांना मी दिलेले गुण नंतर पाहिले आणि त्या कथा पुन्हा वाचायला घेतल्या.

अप्पांची अवस्था याहून वेगळी होती. एक्केचाळीस क्रमांकाची कथा वाचताना त्यांना सहावं आणि सातवं पान एकमेकांना चिकटलेलं आढळलं. माझ्याही प्रतीत होतं. मी नखानं सोडवलं आणि पुढं गेलो. अप्पा जागच्या जागी थबकले. त्यांनी चष्मा पुसला, कागद उजेडाकडं धरला आणि कडेला ते ओळखीचं, वाळलेलं, पांढरं शीत पाहिलं. काकूंनी मला नंतर सांगितलं की ते उठून स्वयंपाकघरात आले, आधणाच्या वाफेवर पानं धरून अलगद सोडवली, पदराखाली लपवावी तशी कथा पोटाशी धरून बाहेर नेली आणि दोनदा वाचली. दुसऱ्यांदा मोठ्यानं.

“मग कशी होती?” मी काकूंना विचारलं.

“वृद्धाश्रम,” काकू म्हणाल्या.

निकालाची बैठक वाचनालयाच्या वरच्या खोलीत झाली. बटाटेवडे होते. कविवर्य दोन तास उशिरा आले आणि त्यांना चारची गाडी गाठायची होती. अप्पांनी तीन परीक्षकांच्या गुणांचा तुलनात्मक तक्ता केलेला, निविदा उघडताना करतात तसा, रकानावार बेरीज आणि पडताळणीची बेरीज. गुण पाव-अर्ध्यापर्यंत. पहिला क्रमांक मांजराला गेला, त्यावर वाद झाला नाही. सगळ्या वृद्धाश्रमांतून बाहेर पडून आम्ही त्या मांजराजवळ पोचलो होतो आणि कोणीही ते सोडायला तयार नव्हतं. दुसरा-तिसराही पटकन झाला. उत्तेजनार्थ बक्षिसं तीन असावीत की पाच, इथं गाडी अडली. अप्पांना स्वतःला पूर्वी एकदा उत्तेजनार्थ मिळालेलं आहे. ते त्याला प्रतीक्षा यादी समजून बरेच महिने वरचा कोणी माघार घेतो का याची वाट पाहत होते. त्यांनी सात असावीत असा आग्रह धरला. पाचवर तडजोड झाली.

बोलता बोलता अप्पांनी कविवर्यांच्या प्रतींचा गठ्ठा पुढं ओढला. एक्केचाळीस काढली. सहावं पान चाचपलं. शीत अभंग.

त्यांनी तक्त्याकडं पाहिलं. मीही पाहिलं. एक्केचाळीस क्रमांकाच्या कथेला कविवर्यांनी दिलेले गुण एकोणीस. आधणाच्या वाफेवर पानं सोडवून, दोनदा वाचून, त्यातलं एकदा मोठ्यानं, अप्पांनी दिलेले गुण साडेएकोणीस.

“कविवर्य,” अप्पा हळूच म्हणाले, “ही कथा आपण कितपत... म्हणजे पूर्ण...?”

“अहो अप्पासाहेब,” दुसरा वडा उचलत कविवर्य प्रसन्नपणे म्हणाले, “शितावरून भाताची परीक्षा!”

अप्पांचा हात पाण्याच्या तांब्याला लागून तांब्या आडवा झाला. कविवर्यांना काही उमगलं नाही. त्यांनी फक्त तक्ता उचलून धरला आणि मानधनाचं पाकीट कोरडं आहे याची खात्री करून घेतली.

त्यानंतर अप्पा काही दिवस दिसले नाहीत. जाऊन पाहिलं तर नोंदवही बांधलेलीच होती. वाचली नाही म्हणून परत आली, हे एक दुःख. त्यावर त्यांचा सगळा संसार चालला होता. वाचली आणि परत आली, हे दुसरं, आणि तेही त्यांनी हल्लीच ओळखलं होतं. पण न वाचतासुद्धा गुण बरोबरच पडतात, या तिसऱ्या प्रकाराला नोंदवहीत रकानाच नव्हता. मी त्यांना समजवायला गेलो की एका कथेवरून असं ठरत नाही, बाकीच्या कथांत कविवर्यांचे गुण आपल्यापासून कुठल्या कुठं गेले आहेत, चौकोनांच्या कथेला चव्वेचाळीस दिलेत. अप्पांनी मान हलवली. “ते बरोबर आहे. पण एक्केचाळीसला साडेएकोणीसच हो,” ते म्हणाले.

निकाल फलकावर लागला आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अप्पांच्या घरी तो आला. मी तिथंच होतो. पस्तिशीचा माणूस, एका खासगी कारखान्यात टाइमकीपर, शर्ट इनशर्ट केलेला, हातात प्लास्टिकची फाइल. फाइलीत माहितीच्या अधिकारातला अर्ज, वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप. आपल्या कथेचे परीक्षकवार गुण आणि गुणदानाचे निकष यांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात. अप्पांनी अर्ज वाचला आणि बऱ्याच दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर जीव आला.

“मसुदा चांगला आहे,” ते म्हणाले. “तारीख नीट घातलीय. आपला क्रमांक?”

“एक्केचाळीस.”

अप्पा बघतच राहिले.

“तुम्ही वडीलधारे आहात, म्हणून स्पष्ट विचारतो, काका,” तो माणूस म्हणाला. आवाज चढवायचं ठरवून आला होता, पण तो चढेना. “नाही आला नंबर, हरकत नाही. पण माझी कथा वाचली का कोणी? एवढंच सांगा. वाचली का?”

मला वाटलं अप्पा खरं बोलणार. नोकरीत त्यांनी कधी खोटी नोंद केली नाही. ते उठले, आत गेले. कपाट उघडल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात कविवर्यांची प्रत होती. स्वतःची, पेन्सिलीच्या खुणांची, वाफेनं सुरकुतलेली प्रत टेबलावरच होती. ती त्यांनी जाता जाता वर्तमानपत्राखाली सरकवली होती.

तो माणूस प्रत घेऊन दिव्याखाली गेला. आमच्याकडं पाठ करून त्यानं पानं चाळली. एक, दोन, तीन, चार, पाच. सहाव्यावर थांबला. अंगठा कडेवरून फिरवला.

वळला तेव्हा तो दहा वर्षांनी लहान झाला होता.

“मला माहीतच होतं!” तो म्हणाला. “वाचतच नाहीत!”

“वाचतच नाहीत हो,” अप्पा म्हणाले.

मग काकूंनी पोहे केले. तो दोन बश्या पोहे खाऊन, माहितीच्या अधिकाराचा अर्ज मागं घेऊन, एका मासिकाचा पत्ता लिहून घेऊन गेला. अप्पांनी त्याला वाट्याला आलेला सगळा सल्ला दिला : पहिला कागद बदला, टपालखर्चाची नोंद ठेवा, आणि शीत आंबेमोहोराचं वापरू नका, इंद्रायणीचं जास्त धरतं. तो चमकला. अप्पांनी विषय बदलला.

परवा वाचनालयाची यंदाच्या स्पर्धेसाठी बैठक झाली. परीक्षक बदलावेत असा सूर होता, विशेषतः कविवर्यांना पुन्हा बोलावू नये यावर सगळ्यांचं एकमत होतं. कारण मांडायची जबाबदारी माझ्याकडे होती आणि मी ते मांडलंही. अप्पा मध्येच उभे राहिले. कविवर्य असलेच पाहिजेत, ते नसतील तर मीही नाही, असं त्यांनी ठामपणे सांगितलं.

“अहो, पण ते कथा वाचत नाहीत,” सचिव म्हणाले.

“म्हणूनच,” अप्पा म्हणाले. “दहाबारा लोक तरी दरवर्षी विचारायला येणार. त्यांना दाखवायला एक संच लागतो.”

इतिवृत्तात ठराव त्यांच्याच अक्षरात आहे, शेवटचं वाक्य लाल पेनानं अधोरेखित : सुप्रसिद्ध परीक्षकांकडून प्राप्त होणाऱ्या प्रती न हाताळता स्वतंत्र नस्तीत ठेवाव्यात. वर्ग ‘अ’. कायम जतन.